नावेचा काठ : लाकूड, प्लास्टिक आणि दुरुस्तीचा इतिहास
(नाशिक, डांग व कोकण यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठीत नौकानयनाच्या इतिहासावर जे लेखन झाले आहे, त्यात आरमार, जलदुर्ग, लढाया आणि बंदरांचा व्यापार यांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळाले आहे. नाव ही एक वस्तू आहे; ती कोणत्या लाकडाची असते, ती कोण जोडतो, ती प्रथम कोठे मोडते आणि मोडल्यावर ती कोणाच्या हातून दुरुस्त होते, या अंगाने तिच्याकडे क्वचितच पाहिले गेले. भा. कृ. आपटे यांनी १९७३ साली मराठ्यांचे आरमार व व्यापारी जहाजे यांवर जो इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, त्यात जहाजबांधणीचा विचार आहे. परंतु ती वाट पुढे फारशी रुळली नाही.

प्रस्तुत लेखात नावेच्या एकाच अवयवाचा, म्हणजे तिच्या वरच्या काठाचा, विचार करावयाचा आहे. त्यास निमित्त एका दूरच्या प्रथेचे आहे. उत्तर अमेरिकेत खळाळत्या पाण्यात चालविल्या जाणाऱ्या कॅनो नावाच्या हलक्या नावांना गेल्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टिकचे काठ बसविले जाऊ लागले. तेथील अनेक नावाडी हे काठ स्वतः उतरवितात आणि त्या जागी लाकडाच्या पट्ट्या बसवितात. वरवर पाहता हा हौशी लोकांचा छंद वाटतो. परंतु नव्या पदार्थाकडून जुन्या पदार्थाकडे असा उलटा प्रवास विचारी माणसे का करतात, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा आहे. त्याचे उत्तर शोधताना आपण नाशिकच्या पश्चिमेकडील पेठ-सुरगाण्याच्या रानापर्यंत येऊन पोहोचतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असा आक्षेप घेतला होता की, तंत्रज्ञानाचे इतिहासकार शोधांचा इतिहास लिहितात, वापराचा आणि देखभालीचा लिहीत नाहीत. नावेच्या काठाला हा आक्षेप तंतोतंत लागू पडतो. काठाचा शोध कोणी लावला हे सांगता येत नाही; तो मोडल्यावर काय होते, हे मात्र पुष्कळ सांगता येते.

काठाचे कार्य

नावेच्या वरच्या कडेने दोन्ही बाजूंना नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जी बळकट पट्टी जाते, तिला इंग्रजीत ‘गनेल’ म्हणतात. हा शब्द युद्धनौकांच्या काळातील आहे. जहाजाच्या कडेवर लहान तोफा ठेवता याव्यात म्हणून तेथील फळी जाड करीत. तोफेचा आणि त्या जाड फळीचा मिळून हा शब्द बनला. तोफा गेल्या, नाव उरले, आणि आज दोन माणसांच्या कॅनोलाही ते चिकटून आहे.

या पट्टीचे कार्य समजण्यासाठी आपल्या घरातले सूप किंवा टोपली पाहावी. बुरूड टोपलीची वीण पूर्ण झाल्यावर काठाला आतून आणि बाहेरून बांबूची कांब लावतो आणि ती वेळूच्या पातीने आवळून बांधतो. ही कांब बसेपर्यंत टोपली ढिली असते, कोठूनही दाबली तर वाकते. कांब बसली की तिला आकार येतो आणि ओझे उचलता येते. नावेचे असेच आहे. पाण्याचा दाब बाजू आत ढकलतो, नावाड्याचे आणि मालाचे वजन त्या बाहेर फाकवू पाहते, खडकाचा धक्का त्यांना पिळतो. हे तिन्ही ताण शेवटी काठावर येतात. नाव उचलताना हात काठाला लागतात, वल्हे काठावर घासते, दोर काठाला बांधला जातो, नाव पालथी घातली तर ती काठावरच टेकते. म्हणून तळ शाबूत असलेल्या नावेचा काठ आधी झिजतो किंवा कुजतो. हा अवयव झिजण्यासाठीच असतो, आणि जे झिजणार ते बदलता आले पाहिजे, हे जुन्या कारागिरांनी गृहीतच धरले होते.

कोकणच्या किनाऱ्यावर याची चांगली उदाहरणे आढळतात. एका खोडातून कोरून काढलेल्या होडीला वर फळ्या चढवून ती उंच करतात. उलांडीचे दोन दांडे काठालाच आवळून बांधलेले असतात. मालवणपासून गोव्यापर्यंत रापणीसाठी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या होड्यांत फळ्या काथ्याच्या दोरीने शिवण्याची पद्धत होती. खिळ्याने जोडलेली फळी लाटेच्या धक्क्याने खिळ्यापाशी चिरते. शिवलेली फळी थोडी हलते आणि धक्का सोसते. शिवण सैल झाली की ती उसवून पुन्हा घालता येते. येथे दुरुस्ती ही अपवादात्मक घटना राहत नाही, ती वापराचाच भाग असते.

सागाचे राजकारण

मोठ्या जहाजांसाठी मात्र सागासारखे लाकूड नाही, हे पश्चिम किनाऱ्यावर फार पूर्वीपासून ठाऊक होते. सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे तो पाण्यात सहसा कुजत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. युरोपातील ओक लाकडातील आम्लद्रव्ये लोखंडाला खातात, हा त्या लाकडाचा मोठा दोष होता. मुंबई-सुरतेकडील सुतार फळ्यांच्या कडांना खाचा पाडून त्या एकमेकींत बसवीत, मध्ये राळेत भिजविलेला कापूस घालीत आणि तळाला चुना व तेल यांचा लेप देत, जेणेकरून समुद्री किडा आत शिरू नये.

या लाकडाच्या मालकीचा प्रश्न मराठी राज्यकर्त्यांसमोरही उभा राहिला होता. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा विचार आहे. स्वराज्यातील रानांतून सागादी लाकूड परवानगीने तोडावे, अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा व फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकराप्रमाणे वाढविलेली असतात. झाड जुने झाले असेल तर धन्याच्या संमतीने, मोबदला देऊनच न्यावे, असा त्याचा आशय आहे. शिवकालीन पर्यावरणदृष्टीचा पुरावा म्हणून हा मजकूर हल्ली वारंवार उद्धृत होतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जहाजाची प्रत्येक फळी कोणाच्या तरी झाडातून येते आणि त्या कोणाला तरी विचारावे लागते, हे त्यात मान्य केले आहे.

एकोणिसाव्या शतकात हे विचारणे वेगळ्या प्रकारे झाले. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्याने पुढे शतकाहून अधिक काळ मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. १८१० साली ‘मिंडेन’ ही ब्रिटनबाहेर बांधलेली ब्रिटिश आरमाराची पहिली मोठी लढाऊ नौका येथूनच पाण्यात गेली. १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’ गेली. १८१७ च्या ऑक्टोबरात जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ‘त्रिंकोमाली’ ही मलबारच्या सागाची नौका तयार झाली. तिचे पहिले आराखडे ‘जावा’ या जहाजाबरोबर १८१२ साली अमेरिकनांशी झालेल्या लढाईत नाहीसे झाले होते. ते पुन्हा पाठवावे लागले. ही नौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. १९९० पासून २००१ पर्यंत तिचे जे पुनरुज्जीवन झाले, त्यात मुंबईचे मूळ लाकूड मोठ्या प्रमाणात कायम राहू शकले. दोनशे वर्षे टिकलेले जहाज म्हणून तिचे कौतुक होते ते रास्तच आहे. परंतु ती टिकली याचे एक कारण असे की तिचा कुजलेला भाग तेवढाच कापून त्या जागी नवा बसविता येत होता.

नेपोलियनशी झालेल्या युद्धांनी इंग्लंडमधील ओकची वने विरळ केली आणि ब्रिटिशांचे लक्ष हिंदुस्थानातील सागाकडे वळले. १८०६ साली मलबारात कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली आणि सागावर कंपनीचा हक्क सांगितला गेला. लोकांच्या असंतोषामुळे १८२३ साली ती व्यवस्था मोडावी लागली. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले. या दोहोंच्या दरम्यान, १८४२ साली, नाशिकच्या वायव्येस असलेल्या डांगमधील भिल्ल राजांशी इंग्रजांनी तेथील जंगलांचा इजारा घेण्याचे करार केले. त्यामागे मुंबईच्या गोदीला लागणारा साग हे प्रमुख प्रयोजन होते. योगायोग असा की, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या सागाच्या ‘कॉर्नवॉलिस’ नौकेवर चीनने नानकिंगच्या तहावर सही केली. एका टोकाला रान लिहून घेणे आणि दुसऱ्या टोकाला त्याच जातीच्या लाकडावर उभे राहून बंदरे लिहून घेणे, अशी ही १८४२ ची दोन टोके आहेत.

पेठ संस्थान १८७८ साली खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात आले. त्याच वर्षी भारतीय वन अधिनियम संमत झाला आणि राखीव व संरक्षित वनांची कायदेशीर चौकट उभी राहिली. सुरगाणा संस्थान स्वातंत्र्यानंतर नाशिक जिल्ह्यात विलीन झाले. डांग १९६० साली द्विभाषिक राज्याच्या विभाजनात गुजरातेत गेला. राजकीय सीमा अशा हलल्या तरी रान सलगच राहिले. आहवा येथे होळीच्या सुमारास भरणाऱ्या डांग दरबारात पाच भिल्ल राजघराण्यांना जे वार्षिक मानधन दिले जाते, त्याचे मूळ त्या जुन्या इजाऱ्यात आहे. इकडे ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेल्या शेतकऱ्यांच्या पायी मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरी या भागांतील आदिवासी मोठ्या संख्येने होते, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. नावेच्या काठाला लागणारी पट्टी कोणाच्या रानातून येणार, हा प्रश्न म्हणजे संग्रहालयात ठेवण्याची गोष्ट नव्हे.

भूर्जाच्या सालीपासून रॉयलेक्सपर्यंत

कॅनोचा मूळ वारसा उत्तर अमेरिकेतील आदिवासी समाजांचा आहे. भूर्जवृक्षाच्या सालीची त्यांची नाव बांधण्याची रीत आपल्या कोकणी कारागिरास परिचित वाटेल. तेथे पुष्कळ ठिकाणी प्रथम काठाची चौकट तयार होते. ती जमिनीवर पसरलेल्या सालीवर ठेवून साल तिच्याभोवती वर वळविली जाते. मग काठाच्या आतील व बाहेरील पट्ट्यांमध्ये सालीची कड धरून ती स्प्रूस वृक्षाच्या मुळ्यांनी शिवली जाते. फासळ्या शेवटी आत ठोकून बसवितात. आपल्याकडे काथ्या, तेथे मुळ्या, तत्त्व एकच. एडविन टॅपन ॲडनी यांनी या नावांची मोजमापे आणि लहान प्रतिकृती करण्यात आयुष्याचा मोठा भाग घालविला. १९५० साली ते वारले. त्यांच्या टिपणांवरून हॉवर्ड चॅपेल यांनी सिद्ध केलेला ग्रंथ १९६४ साली स्मिथसोनियन संस्थेने प्रसिद्ध केला आणि त्यामुळे ही विद्या नष्ट होता होता वाचली.

सालीनंतर देवदाराच्या पातळ फळ्यांवर कॅनव्हास ताणलेल्या नावा आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या सुमारास, ग्रमन या विमाने बनविणाऱ्या कंपनीने ॲल्युमिनियमच्या कॅनो काढल्या. विमानाचा पत्रा आणि रिव्हेट यांचेच ते शांतताकालीन रूप होते. ॲल्युमिनियम पाण्यातील खडकाला चिकटते आणि वाकले की वाकलेलेच राहते. त्यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकात रॉयलेक्स हा पदार्थ लोकप्रिय झाला. युनिरॉयल कंपनीने विकसित केलेल्या या पदार्थात मध्ये फेसाळ एबीएस प्लास्टिक, त्याच्या दोन्ही अंगांना घट्ट एबीएस आणि सर्वांत वर व्हिनिलचा थर असे. खडकावर आदळून दुमडलेली रॉयलेक्सची नाव पाण्यातून काढली की बहुधा आपला आकार परत घेई. खळाळत्या पाण्याच्या नावाड्यांना हा पदार्थ वरदान वाटला यात नवल नाही.

पण जो पदार्थ असा दुमडतो, त्याला स्वतःचा ताठरपणा अल्प असतो. काठ काढून टाकलेली रॉयलेक्सची नाव कड न वळविलेल्या पानाच्या द्रोणासारखी होते. म्हणजे टोपलीच्या कांबेचे महत्त्व नव्या पदार्थाने कमी केले नाही, उलट वाढविले. कारखान्यांनी त्यासाठी दोन पर्याय ठेवले. एक, व्हिनिलचा साच्यातून काढलेला काठ, ज्याच्या आत ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि जो रिव्हेटांनी पक्का केला जातो. दुसरा, ॲश वृक्षाच्या लाकडाचा आतला व बाहेरचा असा दुहेरी काठ. पहिला स्वस्त, देखभाल न मागणारा आणि पावसात बाहेर राहिला तरी न कुजणारा. दुसरा महाग, आणि वर्षातून एकदोनदा तेल मागणारा.

लाकडी काठाच्या पुरस्कर्त्यांनी त्याच्या गुणांचे वर्णन करताना कधी कधी अतिशयोक्ती केली आहे. खडकात अडकून नाव वेढली गेली तर लाकडी काठ तुटतो, व्हिनिलचा वाकतो आणि पुष्कळदा हातांनी दाबून बराचसा सरळही करता येतो. तेव्हा निव्वळ आघात सोसण्याच्या कसोटीवर लाकूड श्रेष्ठ ठरत नाही. थंडीत तर लाकडी काठ रॉयलेक्सला अपायही करतो. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक लाकडापेक्षा कितीतरी अधिक आकसते. काठाचे स्क्रू त्याला आकसू देत नाहीत आणि स्क्रूच्या छिद्रांपासून नाव उभी तडकते. म्हणून उत्तरेकडील मालक हिवाळ्यापूर्वी टोकांकडील स्क्रू सैल करून ठेवतात.

असे असूनही लोक लाकूड का बसवितात? लाकडी काठ हाताला बरा लागतो, वजनात काहीसा हलका असतो, नाव ताठ ठेवतो, दिसतोही सुंदर. ही कारणे आहेतच. निर्णायक कारण मात्र काठ तुटल्यानंतर समोर येते. व्हिनिलचा काठ एका विशिष्ट साच्यातून निघतो. तो चिरला तर तोच छेद असलेला सुमारे १६ फूट लांबीचा नग कारखान्यातूनच मागवावा लागतो, आणि कारखान्याने तो नमुना बंद केला असेल तर मार्गच खुंटतो. लाकडी काठ तुटला तर तुटलेला दोन हात तुकडा कापून तेथे नवा सांधता येतो. रॉयलेक्सच्या उत्पादनाचा शेवटही याची साक्ष देतो. ज्या कंपनीकडे ते आले होते त्या पॉलिवनने २०१४ साली उत्पादन बंद केले, कारण तिच्या एकूण उलाढालीत कॅनोचा व्यवसाय नगण्य होता. एका निर्णयाने अनेक कारखान्यांच्या नावा बांधणे थांबले. क्वेबेकमधील एस्किफ या कंपनीने पुढे टी-फॉर्मेक्स हा पर्याय तयार केला खरा. पण मधल्या काळात जुन्या रॉयलेक्सच्या नावा जपून वापरणे, त्यांचे काठ बदलून त्यांचे आयुष्य वाढविणे, याला वेगळाच अर्थ प्राप्त झाला.

काठ बदलण्याची क्रिया

ही क्रिया थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण ज्ञान कोठे राहते हे त्यातून कळते. प्रथम जुन्या काठाचे रिव्हेट गिरमिटाने एकेक करून पोखरून काढावे लागतात. दोन्ही बाजूंचे काठ एकाच वेळी उतरवीत नाहीत. एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरीला हात लावतात, आणि मधल्या आडफळ्या जागच्या जागी ठेवतात. अन्यथा नाव फाकते आणि मूळ रुंदी परत मिळत नाही. सरळ रेषेचे, गाठी नसलेले लाकूड निवडून त्याच्या लांब पट्ट्या काढतात. पुरेशी लांबी न मिळाल्यास दोन पट्ट्यांची टोके जाडीच्या सुमारे आठपट लांबीवर तिरपी तासून सरसाने जोडतात. आतल्या आणि बाहेरच्या पट्टीतील असे सांधे समोरासमोर येऊ देत नाहीत. टोकांकडे जेथे वळण तीव्र असते तेथे पट्टी वाफवून किंवा भिजवून वाकवितात आणि क्लॅम्प लावून तशीच राहू देतात.

आतल्या पट्टीला ठराविक अंतरावर खाचा ठेवण्याची एक सुंदर रीत आहे. नाव कलती केली की आत साठलेले पाणी या खाचांतून निघून जाते, आणि सामान बांधण्यास दोर ओवता येतो. छिद्रे आधी पाडून, त्यांची तोंडे रुंद करून, मगच पितळी किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे स्क्रू घालतात; घाई केली तर पट्टी चिरते. शेवटी कडा गोल तासून जवसाचे किंवा तत्सम तेल अनेक हातांनी मुरवितात. यात कारखान्यात मिळवावे लागणारे ज्ञान कोणतेच नाही. रंधा, गिरमिट, तासणी यांवर हात बसलेला कोणताही गावचा सुतार हे काम करू शकेल. आणि एकदा ज्याने ते केले, त्याला आपली नाव कोठे कमकुवत आहे हे कोणी सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात कॅनोच्या काठाची ही नेमकी प्रथा रुजलेली नाही, कारण खळाळत्या पाण्यातील कॅनोच येथे विरळ आहे. नाशिकची गोदावरी आठ महिने संथ आणि बांधलेली असते. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी किती चढले यावरून शहर पुराचे माप घेते, आणि ते पाणी नाव घालण्याजोगे नसते. कोलाडजवळ कुंडलिकेवर तराफ्यांचा खेळ चालतो तो टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर, आणि तेथील तराफे हवा भरलेले रबरी असतात. कॅनो स्लॅलम या क्रीडाप्रकाराचे देशातील एक ठळक ठिकाण अहिल्याबाईंच्या महेश्वरी, नर्मदेच्या सहस्रधारेवर आहे. २०२३ च्या आरंभी खेलो इंडिया युवा स्पर्धेतील शर्यती तेथे झाल्या.

नाशिक जिल्ह्याला वल्ह्यांच्या खेळात नाव मिळवून दिले ते चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या अवर्षणग्रस्त गावच्या दत्तू भोकनळ यांनी. पाण्यासाठी विहिरी खणण्याची मजुरी केलेला हा तरुण सैन्यात भरती झाला, तेथे वल्हवणे शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकेत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होता. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या अशा नौका आता कार्बन तंतूंच्या असतात. एके काळी त्या पातळ देवदाराच्या असत. वेगाच्या शर्यतीत हा बदल अटळ होता आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

आपल्या विषयाशी अधिक जवळची गोष्ट कोकणच्या किनाऱ्यावर दिसते. गेल्या काही दशकांत तेथे लहान लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्यांनी मोठ्या प्रमाणावर घेतली. साग महागला, लांब फळ्या दुर्मीळ झाल्या, दरवर्षी होडी ओढून तिला मोरीच्या तेलाचा हात देण्यास माणसे मिळेनात. फायबर हलके, किडा न लागणारे. मच्छीमारांचा हा निर्णय व्यवहाराला धरूनच होता. तरीही यांतील बऱ्याच होड्यांच्या काठाला लाकडी पट्टी बसविलेली असते. जाळे ओढताना दोर जेथे घासतो, धक्क्याला होडी जेथे आदळते, तेथे काचतंतूंचा थर उखडू लागतो. लाकूड घासून झिजते आणि मग बदलले जाते. अमेरिकेतील हौशी नावाडी विचारपूर्वक जेथे पोहोचला, तेथे आपला मच्छीमार गरजेने पोहोचला आहे : तळ प्लास्टिकचा, काठ लाकडाचा.

ॲशच्या जागी काय

नाशिक परिसरात एखाद्या क्रीडामंडळाने किंवा महाविद्यालयाने आपल्या जुन्या कॅनोचा काठ लाकडात बदलावयाचे ठरविले, तर पहिला प्रश्न लाकडाचा येईल. ॲश येथे होत नाही. साग टिकाऊ असला तरी बारीक पट्टीत त्याचा चिवटपणा ॲशइतका भरवशाचा नाही. शिवाय महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये सागाची तोड नियंत्रित आहे आणि लाकडाच्या वाहतुकीस परवाना लागतो. ऐन जड पडतो.

या संदर्भात धामणाचा विचार झाला पाहिजे. सह्याद्रीच्या पानगळीच्या रानात, डांग आणि पेठ-सुरगाण्याच्या बाजूसही, हा वृक्ष आढळतो. त्याचे लाकूड लवचिक आणि चिवट. वाकते, सहजी तुटत नाही आणि दाब निघताच सरळ होते. आदिवासींनी त्याचे धनुष्य केले आहे, ओझे वाहण्यासाठी खांद्यावरची कावड केली आहे. ब्रिटिश काळातील वनविषयक लेखनात गाडीचे दांडे, हत्यारांच्या मुठी आणि वल्ही यांसाठी त्याची शिफारस आढळते आणि ॲश व हिकरी या परदेशी लाकडांशी त्याची तुलना केली जाते. गोदीच्या दृष्टीने मात्र धामण बिनमोलाचा होता, कारण त्यातून जहाजाच्या रुंद फळ्या निघत नाहीत. १८४२ चे करार सागासाठी झाले. धामणाची पारख रानात राहणाऱ्यांकडेच राहिली. पट्टीसाठी कोणत्या वयाचे झाड घ्यावे, ते कोणत्या हंगामात तोडावे, सावलीत किती दिवस वाळवावे आणि ओले असतानाच किती वाकवावे, हे आजही कावड घडविणाऱ्या माणसालाच विचारावे लागेल, आणि वनहक्क कायद्याने ज्या ग्रामसभेला त्या रानाचा सामूहिक अधिकार मिळाला असेल, तिची संमती घेऊनच ते लाकूड आणावे लागेल.